आधी सेवक, मग साहेब

(रेडिओवर दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

आमच्या कळंबच्या चिंतामणीचं एक वैशिष्ट्य आहे. बहुतेक देवळांत दर्शनासाठी पायऱ्या चढून वर जावं लागतं. कळंबला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. विदर्भातल्या अष्टविनायकांमध्ये गणलं जाणारं हे स्थान. चतुर्थीला इथे रांग लागते तेव्हा त्या रांगेत अधिकारी असतात, गुरुजी असतात, व्यापारी असतात आणि कापूस वेचून आलेल्या मजूर बायाही असतात. सगळेच खाली उतरतात. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर मात्र जो तो आपापल्या पायरीवर जाऊन बसतो. सोमवारी सकाळी कार्यालय उघडतं आणि कोण वर, कोण खाली, हे पुन्हा पक्कं होतं.

श्रोतेहो, आज मला या पायरीविषयीच बोलायचं आहे. कामाच्या ठिकाणी जो वरच्या पायरीवर बसलेला असतो, त्याने खाली उतरणं म्हणजे नेमकं काय करणं? आणि ते त्याने का करावं?

आपल्याकडे नोकरीला लागलेल्या माणसाचं सगळं आयुष्य 'सेवा' या एका शब्दाभोवती बांधलेलं असतं. तो लोकसेवा आयोगाची परीक्षा देतो. त्याचं सेवापुस्तक तयार होतं. बढतीच्या वेळी सेवाज्येष्ठता पाहिली जाते आणि शेवटी शाल-श्रीफळ घेऊन तो सेवानिवृत्त होतो. कागदावर सगळीकडे सेवा आहे. बोलण्यात मात्र आपण म्हणतो, 'साहेब आले', 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', 'साहेबांची सही राहिली'. आणखी एक शब्द पाहा. आपण म्हणतो, 'माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत.' हाताखाली! म्हणजे वर आपला हात आणि त्याखाली ती माणसं. सेवक नेतृत्वाचा विचार सांगतो, की हा हात वरून काढा आणि त्या माणसांच्या खाली आधाराला द्या.

एका हमालाची गोष्ट

हा विचार आजच्या भाषेत मांडला तो रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थाने. १९०४ साली जन्मलेला हा माणूस काही आश्रमातला नव्हता. टेलिफोनचे खांब आणि तारा उभारणाऱ्या तुकडीतून त्याने कामाला सुरुवात केली आणि पुढे एटी अँड टी या अवाढव्य टेलिफोन कंपनीत अडतीस वर्षं नोकरी केली. माणसं कशी तयार करायची, व्यवस्थापकांना कसं घडवायचं, हेच तिथे त्याचं काम होतं. १९६४ साली तो निवृत्त झाला आणि १९७० साली त्याने एक छोटासा निबंध लिहिला. त्याचा विषय होता, सेवक हाच नेता.

ही कल्पना त्याला सुचली ती हर्मन हेसे या जर्मन लेखकाच्या एका छोट्या कादंबरीवरून. तीत काही मंडळी पूर्वेच्या यात्रेला निघालेली असतात. त्यांच्यासोबत लिओ नावाचा नोकर असतो. तो सामान वाहतो, पडेल ते काम करतो, गाणं म्हणून सगळ्यांचं मन रमवतो. एक दिवस लिओ नाहीसा होतो. आणि काय होतं? यात्रेकरूंत भांडणं लागतात, यात्रा मोडते. पुढे बऱ्याच वर्षांनी कळतं, की ज्या संघाने ती यात्रा काढली होती त्याचा प्रमुख लिओच होता.

ग्रीनलीफने यातून साधी गोष्ट घेतली. ज्याला आधी सेवा करावीशी वाटते आणि त्यातून जो पुढे होतो, तो एक प्रकारचा नेता. ज्याला आधी खुर्ची हवी असते आणि नंतर जमल्यास सेवा, तो दुसऱ्या प्रकारचा. आता या दोघांना ओळखायचं कसं? कारण गोड तर दोघेही बोलतात. त्यासाठी त्याने एक कसोटी दिली. तुमच्याबरोबर काम करणारी माणसं वाढतात का, अधिक शहाणी, अधिक मोकळी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी होतात का, पुढे तीही दुसऱ्यांची सेवा करायला तयार होतात का, हे पाहा. आणि शेवटी पाहा, की समाजातल्या सगळ्यात दुबळ्या माणसावर या सगळ्याचा काय परिणाम होतो. त्याचं भलं होतं का? निदान त्याचं आहे तेही हिरावलं तर जात नाही ना?

हा शेवटचा प्रश्न ऐकून आपल्याला कुणाची आठवण होते ते सांगायला नको. निर्णय घेताना मनात संशय आला तर आपण पाहिलेल्या सर्वांत गरीब माणसाचा चेहरा आठवावा, असं गांधीजींनी आयुष्याच्या अखेरच्या काळात लिहून ठेवलं होतं. आणि गांधीजींचं सेवाग्राम तर आमच्या शेजारचं. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वेमार्ग सुरू झाला. रस्ता तर होताच. देवळी ओलांडली की वर्धा आणि वर्ध्याला लागून सेवाग्राम. म्हणून मी तुम्हाला अमेरिकेतून आता तिथे घेऊन जातो.

पत्रांचा ढीग आणि शर्टाची बटणं

पण सेवाग्रामच्या आधी १९०१ सालची एक गोष्ट सांगायला हवी. ती गांधीजींनी आत्मकथेत लिहिली आहे. कलकत्त्याला काँग्रेसचं अधिवेशन होतं. दक्षिण आफ्रिकेतून आलेले बॅरिस्टर गांधी तिथे प्रतिनिधी म्हणून गेले. त्यांनी पाहिलं, संडास भयंकर घाण होते. स्वयंसेवकांना सांगितलं तर उत्तर मिळालं, की हे आमचं काम नाही, भंग्याचं आहे. गांधीजींनी झाडू मागून घेतला आणि संडास साफ केला. ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण त्यांनी त्यापुढे प्रामाणिकपणे लिहिलं आहे, की ही सफाई त्यांच्या स्वतःपुरतीच झाली. गर्दी एवढी होती, की सगळे संडास साफ ठेवणं त्यांच्या एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

त्याच अधिवेशनातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. गांधीजी काँग्रेसच्या कचेरीत गेले आणि काही काम असेल तर द्या म्हणाले. तिथे घोषाल नावाचे चिटणीस होते. त्यांनी या तरुणापुढे पत्रांचा ढीग टाकला. गांधीजींनी उत्तरं लिहून तो संपवला. घोषालबाबूंच्या शर्टाची बटणं नोकर लावत असे, तेही काम गांधीजींनी आनंदाने केलं. हा तरुण कोण आहे हे कळल्यावर घोषालबाबूंना संकोच वाटला. गांधीजींना मात्र वाटलं, की आपण मिळवलंच. काँग्रेसचा कारभार कसा चालतो, कुठे वेळ जातो, कुठे शक्ती वाया जाते, हे त्यांना थोड्या दिवसांत कळलं. व्यासपीठावर बसून ते कळलं नसतं. खालच्या टेबलावर बसल्याने कळलं. खाली उतरण्याचा पहिला उपयोग हा असा अगदी व्यवहारी आहे.

पुढे १९३६ सालच्या एप्रिलअखेरीस गांधीजी शेगावला राहायला आले. त्याच शेगावचं १९४० साली सेवाग्राम झालं. देशाचा कारभार ज्या माणसाच्या सल्ल्याने हलत होता, त्याचं कार्यालय म्हणजे मातीच्या भिंतींची, कौलारू छपराची कुटी. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित कुष्ठरोगाने पीडित होते. जवळ करायला कुणी तयार नसताना ते आश्रमात आले. गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धूत, अंगाला मालिश करत. आश्रमात आजही परचुरे कुटी आहे. कुष्ठरोग्याला स्पर्श करायचा की नाही, यावर त्यांनी आश्रमवासीयांना व्याख्यान दिलं असतं तरी चाललं असतं. पण तेल लावणारे हात रोज डोळ्यांसमोर दिसत असले, की भीती आपोआप उतरते.

मात्र इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. महादेवभाई देसाई हे गांधीजींचे चिटणीस. सुरुवातीच्या काळात ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहत आणि रोज पायी शेगावला येत. जाऊन-येऊन दहा-अकरा मैल. वर्ध्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. १९३८ साली त्यांची प्रकृती ढासळली. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांचं निधन झालं. मोठ्या सेवकाच्या सावलीत काम करणारी माणसं कधी कधी अशी झिजतात. तक्रार करत नाहीत, कारण समोरचा त्यांच्याहून जास्त झिजत असतो. म्हणून 'मी रात्री नऊपर्यंत बसतो, तुम्हीही बसा' असं म्हणणाऱ्या साहेबाने जरा थांबून विचार करावा. आपला त्याग दुसऱ्यावर लादणं ही सेवा नव्हे.

टोपली डोक्यावर घेतल्यावर

सेवाग्रामच्या या वातावरणातून गेलेला एक तरुण वकील म्हणजे मुरलीधर देविदास आमटे. जन्म १९१४ सालचा, हिंगणघाटचा. घरची जमीनदारी, अंगात रग. वरोऱ्याला नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. त्या काळी डोक्यावरून मैला वाहून नेण्याची पद्धत होती. सफाई कामगारांची संघटना बाबांनी हाती घेतली आणि त्यांचं काम समजायचं तर स्वतः केलं पाहिजे म्हणून काही महिने मैल्याची टोपली उचलली. उपाध्यक्ष आणि डोक्यावर टोपली! गावात काय चर्चा झाली असेल, कल्पना करा.

याच कामात एका पावसाळी संध्याकाळी त्यांना रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाने झडलेला देह. पाहताच बाबा घाबरून निघून गेले. कुणालाही न घाबरणारा माणूस भ्याला. ही भीती त्यांना बोचत राहिली. ते परत गेले आणि तुळशीरामची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. तिथून आनंदवनाची वाट सुरू झाली. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर काम उभं राहिलं. सोबत साधनाताई, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते यानंतरचं. बाबांनी या सहा जणांना नुसतं जेवू घातलं असतं तरी लोकांनी त्यांना संत म्हटलं असतं. पण दानाने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो, असं त्यांचं ठाम मत होतं. ज्यांची बोटं झडली होती त्यांनी विहीर खोदली, जमीन काढली, भाजीपाला पिकवला. वरोऱ्याचे लोक आधी तो माल घ्यायला तयार नव्हते, नंतर घेऊ लागले. पुढे याच हातांनी महाविद्यालयाची इमारत उभी केली आणि तिथे निरोगी घरांतली मुलं शिकायला आली. ज्यांना गावाने बाहेर काढलं, त्यांनी गावाला कॉलेज दिलं. ग्रीनलीफची कसोटी याहून चांगली कुठे उतरलेली दिसेल? बाबांनी माणसांची सेवा केली, असं आपण म्हणतो. खरं म्हणजे त्यांनी त्या माणसांना सेवा करण्याजोगं केलं. २००८ च्या फेब्रुवारीत बाबा गेले. आनंदवन मात्र चालू राहिलं.

माझी चूक

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे थोर लोक. आम्ही साधे नोकरदार, कुणाच्या हाताखाली तीन माणसं, कुणाच्या सात. आम्ही काय करायचं? हा प्रश्न योग्य आहे. म्हणून आता एक लहान गोष्ट सांगतो. ती माझीच आहे आणि ती सांगताना मला फार आनंद होत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी आपल्या भागातल्या एका कार्यालयात एका शाखेचा प्रमुख होतो. हाताखाली चार कारकून. त्यातला एक पोरगा नवीनच लागलेला, हुशार आणि कामाला वाघ. एकदा त्याने मला न दाखवता एका कागदाची नक्कल दिली. नक्कल बरोबर होती. मी नसताना दुसऱ्याने सही करावी अशी सोयही होती, त्याने तेच केलं होतं. पण मला राग आला. मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. 'इथे प्रमुख कोण आहे? माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक कागदही बाहेर जायचा नाही,' असं बजावलं. पोरगा काही बोलला नाही. मला वाटलं, शिस्त लागली.

पुढे जून उजाडला. एक वयस्क शेतकरी फेरफाराची नक्कल मागायला आला. बँकेत पीककर्जासाठी हवी होती. मी त्या दिवशी दौऱ्यावर होतो. पोराने त्याला उद्या या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी बैठकीला गेलो होतो. त्याला पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी आला तेव्हा मी होतो, पण टेबलावर कागदांचा ढीग होता आणि मी सांगितलं, 'ठेवून जा, पाहतो.' अकराव्या दिवशी मी सही केली आणि व्हरांड्यात बसलेल्या त्या माणसाला स्वतः हाक मारली. तो खिडकीपाशी आला आणि म्हणाला, 'आता कायले पाहिजे साहेब ते? पेरनी होऊन रायली. सावकारापासून घेतले म्या पैसे.'

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. नक्कल त्याने घेतली, घडी करून बंडीच्या खिशात ठेवली, नमस्कार केला आणि गेला.

मी पोराला विचारलं, 'अरे, पहिल्याच दिवशी का नाही दिलीस? दुसऱ्याची सही चालली असती.' तो खाली मान घालून म्हणाला, 'साहेब, तुम्हीच सांगितलं होतं.'

यवतमाळ जिल्ह्यातला कापूस उत्पादक शेतकरी कोणत्या परिस्थितीत जगतो आणि सावकाराचं कर्ज इथे कुठपर्यंत नेतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या माणसाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी एवढंच शिकलो, की साहेब आपल्या कारकुनाशी जसा वागतो, तसा कारकून खिडकीपलीकडच्या माणसाशी वागतो. मी त्या पोराच्या मनात भीती घातली. त्याने ती स्वतःजवळ ठेवली नाही, ठेवताही आली नसती. ती खिडकीतून पुढे सरकली आणि जो सगळ्यात शेवटी उभा होता त्याच्या पदरात पडली. मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. मी फक्त सगळ्या सह्या माझ्याकडे ठेवल्या होत्या.

बदल कुठून सुरू होतो

अशा कार्यालयाचं रूप बदलता येतं का? येतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांनी केलेले बदल प्रशासनात 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखले जातात. त्यांनी कर्मचाऱ्यांना सेवाभावावर प्रवचन देण्यापेक्षा बसण्याची मांडणी बदलली. अभिलेखांची खोली लावून घेतली, म्हणजे हवा तो कागद हाताला लागेल. कोणतं काम कसं करायचं याची पद्धत सोपी करून लिहून ठेवली. आणि मुख्य म्हणजे, निर्णय घेण्याचा अधिकार शक्य तितका खालच्या टेबलावर नेला. कागद जितक्या टेबलांवरून फिरतो तितका लोकांचा वेळ जातो आणि तितकीच जबाबदारी पातळ होते, हे त्यामागचं साधं गणित होतं.

यात साहेबाने काय केलं? कारकुनाच्या वाटेतले दगड उचलले. सेवक नेतृत्वाचा कामाच्या ठिकाणी हाच अर्थ आहे असं मला वाटतं. साहेबाने शिपायाला चहा आणून द्यावा अशी कुणाची अपेक्षा नाही. शिपायाला ज्या कपाटाची किल्ली दर वेळी मागावी लागते, ती त्याच्याकडे राहील अशी व्यवस्था करावी.

महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे, न मिळाल्यास अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा चांगलाच आहे. पण कायदा उशीर मोजू शकतो, भीती मोजू शकत नाही. घाबरलेला कर्मचारी मुदतीच्या आत त्रुटी काढून कागद परत पाठवतो आणि स्वतःला वाचवतो. तो का घाबरला आहे हे त्याच्या प्रमुखानेच पाहायचं असतं.

उद्या सकाळी काय करता येईल?

मी माझ्या त्या चुकीनंतर काही सवयी लावून घेतल्या. सगळ्या जमल्या असं नाही. पण ज्या उपयोगी पडल्या त्या सांगतो. त्या सरकारी कार्यालयालाच लागू आहेत असंही नाही. शाळा, दवाखाना, बँक, जिनिंग, किराणा दुकान, कुठेही चालतील.

पहिली सवय म्हणजे आठवड्यातून एक तास शेवटच्या जागेवर बसायचं. कार्यालयात ती खिडकी असेल, जिनिंगमध्ये रुईचा भुसा उडतो ती जागा, शाळेत खिचडी वाढतात तो व्हरांडा, आरोग्य केंद्रात केसपेपर काढायची रांग. तपासायला बसायचं नाही, काम करायला बसायचं. पहिल्याच दिवशी मला कळलं, की आमच्या खिडकीच्या आतल्या बाजूला उजेड नाही आणि बाहेरच्या बाजूला सावली नाही. मी तिथे चार वर्षं होतो आणि मला हे माहीत नव्हतं.

दुसरी सवय, प्रत्येकाला महिन्यातून एकदा एकच प्रश्न विचारायचा: 'तुझं काम कशामुळे अडतं?' उत्तरं फार लहान असतात. शिक्का एकच आहे. खुर्चीचा पाय मोडला आहे. एकच माहिती तीन वेगवेगळ्या तक्त्यांत भरावी लागते. गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंना विचारलं तर कळतं, की काम फिरण्याने अडत नाही, फिरून आल्यावर तेच तेच लिहिण्याने अडतं. यातलं आपल्या अखत्यारीतलं एक तरी काम आठ दिवसांत करायचं. जे होणार नसेल ते होणार नाही असं सांगायचं. विचारून काहीच न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

तिसरी, शाबासकी खाली द्यायची आणि बोलणी स्वतः खायची. वरिष्ठ तपासणीला आले आणि काम चांगलं निघालं, तर ज्याने केलं त्याचं नाव घ्यायचं. चूक निघाली तर म्हणायचं, 'शाखा माझी आहे, मी पाहतो.' मग दार लावून त्या माणसाशी बोलायचं. चारचौघांत नाही. एकदा तुम्ही कुणासाठी असे उभे राहिलात, की तो माणूस कागद लपवत नाही. चूक झाली तर स्वतः येऊन सांगतो. आणि वेळेवर कळलेली चूक बहुधा सुधारता येते.

चौथी सवय सगळ्यात कठीण आहे. आपलं काम दुसऱ्याला शिकवायचं. आपल्यावाचून अडतं याचं आपल्याला फार सुख असतं. रजेवर असताना दहा फोन आले की आपण घरच्यांना सांगतो, 'पाहा, माझ्याशिवाय पान हलत नाही.' खरं तर ती आपली नामुष्की आहे. आठ दिवस रजा टाकावी आणि परत आल्यावर पाहावं. काम चालू राहिलं असेल तर आपण माणसं घडवली. अडलं असेल तर फक्त खुर्ची सांभाळली.

'डोक्यावर बसतील' त्याचं काय?

हे बोललं की एक हमखास आक्षेप येतो. 'एवढं सैल सोडलं तर लोक डोक्यावर बसतील.' हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. सेवा म्हणजे सगळ्यांना खूश ठेवणं, असा समज करून घेतलेले प्रमुख मी पाहिले आहेत. त्यांच्या कार्यालयात साडेअकराशिवाय कुणी येत नाही. कुणाला बोलायचं नाही, कुणाचं मन दुखवायचं नाही. पण कारकुनाला उशिरा येऊ देणं ही सेवा असेल, तर सकाळच्या पहिल्या एसटीने आलेल्या बाईची ती कोणती सेवा? तिचा मजुरीचा दिवस बुडाला. म्हणून कसोटी पुन्हा तीच. शेवटच्या माणसाचं काय झालं?

आपल्या विदर्भातलेच गाडगेबाबा पाहा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी झाडू हातात घेई, गाव झाडी आणि रात्री कीर्तनाला उभा राही. इतका मोठा सेवक, पण कीर्तनात गुळमुळीत बोलणं नाही. कर्ज काढून सण करणाऱ्याला, दारू पिणाऱ्याला, पोरांना शाळेत न घालणाऱ्याला ते भर सभेत प्रश्न विचारून गप्प करत. लोक ऐकून घेत, कारण सकाळी त्यांच्याच दारातली घाण या माणसाने काढलेली असे. बाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्या गरीब यात्रेकरूंच्या हवाली करून स्वतः झोपडीत राहिले. सेवेने कडक बोलण्याचा अधिकार जातो असं नाही. उलट तो तिथूनच येतो.

त्यांच्या नावाने २००० सालापासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि अनेक गावं खरोखर बदलली. पण त्याचबरोबर आणखी एक दृश्य आपल्या ओळखीचं झालं. नवा कोरा झाडू, आधीच झाडलेली जागा, चार पुढारी आणि एक छायाचित्रकार. खाली उतरण्याचं हे सोंग लोक एका नजरेत ओळखतात. आणि कार्यालयातले लोक तर आपल्या साहेबाचं सोंग फारच लवकर ओळखतात. त्यापेक्षा न उतरलेलं बरं.

श्रोतेहो, तो नवीन लागलेला पोरगा पुढे बढती मिळवून दुसऱ्या तालुक्यात शाखाप्रमुख झाला. निवृत्तीनंतर एकदा मी त्याच्या कार्यालयात सहज गेलो. तो जागेवर नव्हता. मी विचारलं तर एक कारकून म्हणाली, 'साहेब रजेवर आहेत. तुमचं काय काम होतं काका? सांगा, मी करते.' मी म्हटलं, 'काही नाही बाई, सहज आलो होतो.' तेवढ्यात माझ्या मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने आपला कागद पुढे केला. तिची नक्कल तिला मी बाहेर पडायच्या आत मिळाली.